झिजलेल्या जबड्यावर दोन इम्प्लांटची खालची कवळी : दीड वर्ष वापरल्यानंतर

वरची कवळी नीट बसते, पण खालची बोलताना-जेवताना उचलली जाते, आणि दवाखान्यात गेलं की "हाडच उरलेलं नाही" हे उत्तर मिळतं, अशी तक्रार असणारे माझ्या ओळखीत निदान सात-आठ जण आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुला-सुनांसाठी हे लिहिते आहे. माझं वय 68. सांगलीत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. पायोरियाने दात हलायला लागले आणि 2008 पर्यंत सगळे काढावे लागले. तेव्हापासून वर-खाली दोन्ही कवळ्या.

आता माझ्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, जिथे सुळे असतात त्या दोन जागी, एकेक टायटॅनियमचं इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला स्क्रूसारखा खुंट, आहे. त्यावर लोकेटर नावाची बुटकी गोल बटणं बसवली आहेत. कवळीच्या आतल्या बाजूला त्यांच्या जोडीच्या वाट्या आहेत. बोटांनी दाबलं की कवळी खट् आवाज करून बसते. रात्री काढून ठेवायची, सकाळी बसवायची. वरची कवळी साधीच आहे, फक्त नवी करून घेतली. एवढाच सगळा सरंजाम, आणि माझं जेवण आणि बोलणं या एवढ्याशा गोष्टीने परत मिळालं.

खालच्याच कवळीचा त्रास का होतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी समजावून सांगितलं नव्हतं. वरच्या कवळीला टाळूची मोठी जागा मिळते आणि लाळेच्या पातळ थरावर ती चिकटून राहते. खालची मात्र नालासारखी, अरुंद. तिच्या मधोमध जीभ, जी एक क्षण स्वस्थ बसत नाही. त्यात खालचं हाड जास्त झिजतं. ताल्ग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचे 25 वर्षांतले एक्स-रे तपासून 1972 मध्ये मांडलं की, पुढच्या बाजूला खालच्या जबड्याची उंची वरच्याच्या जवळजवळ चौपट घटते. दात काढल्यावर पहिल्याच वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्यावर येते. हाडाला दाताच्या मुळातून मिळणारा दाब बंद झाला की शरीर ते हाड राखत नाही.

माझ्या बाबतीत अजून एक गोष्ट होती. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्यातल्या एका छिद्रातून बाहेर येते. हे छिद्र एरवी हाडाच्या बाजूला, बरंच खाली असतं. हाड झिजत गेलं तसं माझं डावीकडचं छिद्र वरच्या कडेशी येऊन पोचलं होतं. त्यामुळे डावीकडे भाकरीचा घास चावला की कवळी थेट नसेवर दाबायची आणि ओठापर्यंत करंट बसायचा. मी कवळी घासून घेत होते, फिक्सॉनची पावडर लावत होते, शेवटी डावीकडे चावणंच सोडलं. भजनाला बसलं की खालची कवळी काढून पदरात ठेवायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचं, अशी वेळ आली. ज्या बाईने जन्मभर चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात मोठ्याने कविता म्हटल्या, तिला याचं किती वाईट वाटलं असेल ते लिहून कळणार नाही.

इम्प्लांटसाठी पहिल्यांदा गेले ते एका मोठ्या खासगी दवाखान्यात. त्यांनी एक्स-रे काढला आणि साडेसहा लाखांचा कागद हातात दिला. त्यात वरच्या जबड्यासाठी चार झायगोमॅटिक इम्प्लांट, खाली कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्याचा ग्राफ्ट, म्हणजे जोड, त्यावर इम्प्लांट, आणि दोन्हीकडे पक्के दात. झायगोमॅटिक म्हणजे गालाच्या हाडात रोवायचं लांब इम्प्लांट. साधं इम्प्लांट 8 ते 13 मिलिमीटरचं असतं, हे 30 पासून 50 मिलिमीटरच्याही पुढे जातं. सायनसच्या, म्हणजे वरच्या दाढांच्या वर असणाऱ्या हवेच्या पोकळीच्या, कडेने किंवा सायनसमधून वर नेऊन ते गालफडाच्या हाडात पकडवतात. हे तंत्र फार मोलाचं आहे, त्याविषयी पुढे लिहिते. पण माझी वरची कवळी तर छान बसत होती. त्रास खाली होता. कुठे दुखतं, काय खाता येत नाही, हे त्या कागदावर किंमत लिहिण्याआधी विचारायला हवं होतं, आणि ते कोणी विचारलं नाही.

तिथेच दुसरा पर्याय म्हणून सायनस लिफ्ट सुचवलं. वरच्या दाढा गेल्या की वरचा सायनस खाली पसरतो आणि हाडाची जाडी कधी कधी चार-पाच मिलिमीटरच उरते. तेव्हा सायनसचं अस्तर हळूच वर उचलून खाली हाडाची पावडर भरतात आणि सहा-नऊ महिने वाट पाहतात. मी माळकरी आहे. ही पावडर कशाची, असं विचारलं तर समोरच्या मुलीला सांगता आलं नाही. नंतर ज्या डेंटल कॉलेजात माझं काम झालं तिथल्या सरांनी सांगितलं की जगात खूप वापरली जाणारी पावडर गाईबैलांच्या हाडापासून बनते, आणि तिच्यावर झाकायचा पडदा पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा असतो. प्रक्रिया करून ते पूर्ण सुरक्षित केलेलं असतं, पण ते काय आहे हे पेशंटला आधी सांगायलाच हवं. माणसाच्या दान केलेल्या हाडाचंही मिळतं, आणि हायड्रॉक्सीअपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं पूर्ण कृत्रिमही मिळतं. ज्यांना श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांनी सही करण्याआधी हे स्पष्ट विचारावं. विचारायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

दुसऱ्या ठिकाणी बेसल इम्प्लांट सांगितले. "आजी, तीन दिवसांत पक्के दात, हाड भरायचं कामच नाही." बेसल इम्प्लांट हाडाच्या आतल्या मऊ भागावर विसंबत नाहीत, बाहेरच्या कडक थरात पकड घेतात, त्यामुळे कमी हाडातही बसवता येतात आणि दात लगेच जोडता येतात. ज्यांना ते मानवले अशी माणसंही मला भेटली. माझं मन तयार झालं नाही, कारण खालीच आठ इम्प्लांट घालून सगळे दात एकमेकांना पक्के जोडणार होते. त्यातलं एक बिघडलं तर काय, याचं उत्तर "बिघडत नाही" असं मिळालं. एवढ्या मोठ्या कामाला हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

मग भाचा म्हणाला, "मावशी, एकदा डेंटल कॉलेजात दाखवू." सांगलीजवळच्या एका दंत महाविद्यालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण तिथे प्रत्यक्ष काम करणारे एमडीएसचे, म्हणजे बीडीएसनंतर पुढे शिकणारे, विद्यार्थी तीन वर्षांनी बदलतात आणि माझा अनुभव पाहून कोणी विशिष्ट डॉक्टर शोधत जाऊ नये. जायचं ते प्रॉस्थोडॉन्टिक्स विभागात, म्हणजे जिथे कवळ्या आणि कृत्रिम दात होतात तिथे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पहिल्या दिवशी कोणी इम्प्लांट हा शब्दही काढला नाही. माझ्याकडे जी विद्यार्थिनी होती, ती लातूरकडची, बोलायला फार गोड. तिने मला खुर्चीत बसवून बिस्कीट खायला लावलं आणि कवळी कुठे उचलते ते पाहिलं. बोटाने हिरडी दाबून नस कुठे येते ते शोधलं. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाब, घरात कोणी मिश्री लावतं का, तंबाखू, सगळं विचारलं. मग विचारलं, "आजी, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेता का?" मी घेत नाही. पण हा प्रश्न आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणी विचारला नव्हता. अलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या जबड्यात शस्त्रक्रियेनंतर हाड मरण्याचा धोका असतो. ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो कमी, कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच जास्त. औषध आपल्या मनाने थांबवायचं नसतं, पण दाताच्या डॉक्टरला सांगायचं असतं.

नंतर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, स्कॅन झाला. सरांनी संगणकावर माझ्या जबड्याचे पावाच्या कापासारखे उभे छेद एकेक करून दाखवले. दाढांच्या जागी नसेच्या वर जेमतेम पाच मिलिमीटर हाड. तिथे काही करायचं तर नस बाजूला सरकवा किंवा हाड भरा. पण हनुवटीच्या वर, दोन्ही छिद्रांच्या मधल्या भागात, चौदा मिलिमीटर उंचीचं घट्ट हाड शिल्लक होतं. सर म्हणाले, "बाई, तुमचं मागचं हाड झिजून गेलंय, पुढचं शिल्लक आहे. बहुतेकांचं असंच असतं. आपल्याला दोनच खुंट्या हव्यात आणि त्यांना जागा आहे."

हा काही गरिबाला पटवायचा स्वस्त उपाय नाही, हेही त्यांनी समजावलं. 2002 मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची परिषद झाली आणि सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटची कवळी हीच पहिली निवड असावी, असं त्यांनी मांडलं. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या निवेदनातही तेच आलं. इतकी वर्षं ही गोष्ट माहीत असताना सांगलीच्या दोन दवाखान्यांत ती माझ्यापर्यंत पोचली नाही, याचा मला आजही राग येतो. दोन खुंट्यांचं काम छोटं, त्यात पैसेही थोडे. पण म्हणून ते पेशंटला सांगायचंच नाही?

शस्त्रक्रियेची भीती होती ती सांगते, म्हणजे दुसऱ्यांची कमी होईल. फक्त खालच्या हिरडीला भूल दिली. दुखलं नाही, पण हनुवटीत घरघर जाणवत राहिली. ड्रिल करताना थंड सलाईनची धार सतत चालू होती, कारण हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग इम्प्लांट धरत नाही. दोन्ही इम्प्लांट 10 मिलिमीटर लांबीचे. टाके घालून घरी आले. हनुवटी आणि गळा आठवडाभर निळा-पिवळा झाला होता, शेजारणी घाबरल्या, पण दुखणं साध्या गोळीने थांबलं. पंधरा दिवस खालची कवळी लावायची नव्हती. मऊ भात, पेज, ज्वारीची आंबील यावर काढले. मग जुनी कवळी आतून कोरून, आतून मऊ थर (लायनर) लावून दिली.

त्यानंतर तीन महिने थांबणं. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढतं, ते होईपर्यंत काहीच जोडायचं नाही. ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला 1952 मध्ये सशाच्या हाडावर काम करताना हे दिसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी गोथेनबर्गला पहिल्या माणसाला जे चार इम्प्लांट बसवले, तेही खालच्याच जबड्यात, आणि त्या गृहस्थांनी ते मरेपर्यंत, चाळीस वर्षांवर वापरले. लातूरच्या मुलीने हे सांगितलं तेव्हा मला थांबायला बळ आलं. तीन महिन्यांनी एका छोट्या यंत्राने इम्प्लांट किती घट्ट आहेत ते मोजलं. शंभरपैकी एक 74, दुसरं 71. सत्तरच्या वर म्हणजे उत्तम.

आता वापराविषयी. ज्वारीची भाकरी दोन्ही बाजूंनी चावते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट-भात, उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू, दिवाळीची चकली तुकडे करून, सगळं जमतं. पेरूच्या फोडी जमतात, अख्खा पेरू पुढच्या दातांनी तोडायचा नाही. कणीस दाणे काढून. उसाचं करवं अजिबात नाही. भजनात आता गळा मोकळा सोडून म्हणते. "ळ" आणि "ल" म्हणताना जीभ वर गेली की पूर्वी कवळी तिच्याबरोबर उठायची, ती आता जागची हलत नाही. डावीकडचा करंट जवळजवळ गेला, कारण पुढचा भार इम्प्लांट घेतात आणि नसेच्या जागी कवळी आतून कोरून मोकळी ठेवली आहे.

लोकेटरच्या वाटीत नायलॉनची छोटी चकती असते आणि पकड तिच्यावर ठरते. रंगावरून ताकद कळते : निळी दीड पौंडाची, गुलाबी तीन, पारदर्शक पाच. मला आधी गुलाबी बसवली होती. माझ्या बोटांत संधिवात आहे, सकाळी कवळी निघेना, अंगठ्याची नखं दुखायला लागली. निळी घातल्यावर सुखाने निघते आणि जेवताना सुटत नाही. ज्यांच्या हातात जोर कमी आहे त्यांनी निळीच मागावी, माझं स्पष्ट मत आहे. चकती झिजते. माझी वर्षाच्या आत सैल झाली आणि बदलावी लागली. पाच मिनिटांचं काम, जोडीला दीड हजाराच्या आत खर्च. हा खर्च कायमचा आहे, तो आधीच धरून चालावं.

उणिवाही सांगते. शेंगदाण्याचे आणि तिळाचे कण कवळीखाली जातात ते जातातच, जेवल्यावर काढून धुवावी लागते. लग्नकार्यात हे अवघड होतं. कवळी तोंडात टाकून दातांनी चावून बसवायची नाही, तिरकी बसली की चकती चिरते. दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायची. बटणांभोवती मऊ ब्रश रोज फिरवायचा, नाहीतर दाताला पायोरिया होतो तसा इम्प्लांटभोवतीही होतो. दातांचा पायोरिया मी एकदा भोगला आहे, त्यामुळे यात मी हयगय करत नाही. मागच्या बाजूला कवळी अजून हिरडीवरच टेकते, तिथलं हाड हळूहळू झिजत राहणार आणि दोनेक वर्षांनी आतून रिलाइन, म्हणजे नवा थर भरून हिरडीला नीट टेकेल अशी, करावी लागणार, हे सरांनी आधीच सांगितलंय. आणि पुढे पकड मिळाल्यामुळे माणूस पुढच्या दातांनी जास्त चावायला लागतो, त्याने वरच्या जबड्याचं पुढचं हाड झिजू शकतं. म्हणून दाढांनी चावायची सवय मुद्दाम करावी लागली.

एकूण खर्च दोन इम्प्लांट, दोन लोकेटर, वर-खाली नवी कवळी, स्कॅन धरून साठ हजारांच्या आसपास. खासगीत हेच काम सव्वा लाखाच्या घरात जाईल असं भाच्याने चौकशी करून सांगितलं. कॉलेजात वेळ जास्त लागतो. सुट्ट्या, परीक्षा, सरांची सही, यात दिवस जातात, आणि लांबून एसटीने येणाऱ्यांचे हाल होतात. साडेनऊला नंबर लावून दोनला खुर्ची मिळाली असंही झालंय. पण कामात घाई कोणी केली नाही.

झायगोमॅटिकविषयी लिहायचं म्हटलं होतं. त्या विभागाच्या बाकावर तासगावकडचे एक शेतकरी भेटायचे. 2021 मध्ये कोरोनानंतर त्यांना म्युकर (काळी बुरशी) झाला आणि वरचा जबडा अर्धा काढावा लागला. टाळूला भोक, पाणी प्यायलं की नाकातून यायचं. ते बुजवायला ऑब्ट्युरेटर नावाची कवळी दिली होती, पण तिला धरायला वर काहीच उरलं नव्हतं. त्यांच्यासाठी गालाच्या हाडातली इम्प्लांटं हाच खरा आधार होता, आणि ज्यांचं तेवढंही हाड उरलं नाही त्यांना स्कॅनवरून त्यांच्याच मापाचा टायटॅनियमचा सांगाडा छापून बसवतात, असं तिथे ऐकलं. त्या वर्षी आपल्या राज्यात अशी कितीतरी माणसं झाली. एवढं अवघड, एवढं किमती तंत्र त्यांच्यासाठी आहे, हे त्यांच्या शेजारी बसून मला पुरतं कळलं. त्यांची शस्त्रक्रिया पुण्यात झाली. परत आले तेव्हा ते माझ्याशी स्पष्ट बोलले आणि स्टीलच्या पेल्यातून सगळ्यांसमोर चहा प्यायले.

माझी कोल्हापूरची धाकटी बहीण माझे दात पाहून आली आणि मलाही असंच हवं म्हणाली. ती ठिसूळ हाडांसाठी आठवड्याची गोळी सहा-सात वर्षं घेते आहे, शिवाय साखर वाढलेली. सरांनी तिला घाई करू दिली नाही. आधी साखर आणा, हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आणा, तोवर साधी कवळी नव्याने करू म्हणाले. तिचं माप जीभ आणि गालाच्या हालचाली टिपत घेतलं, जेणेकरून दात त्या दोन्हींच्या मधल्या शांत जागेत बसतील. माझ्याइतकी पकड तिला नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे, मऊ भाकरी दुधात न बुडवता खाते. पत्र आणि साखरेचा रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्यात आम्ही दोघी परत जाणार आहोत.